डोंगर संपतो तिथली खरपुडी : म्हैसमाळ ते येडशी, पाच दिवस

पोळा झाला की दोन-तीन दिवसांत निघायचं, एवढंच ठरलेलं होतं. खरपुडी फुलते जुलैअखेर ते सप्टेंबर. त्यातही वेल झुडपावर चढून फुलांवर आलेली आणि गवत अजून कमरेच्या खाली, असे दिवस मोजकेच मिळतात. त्या दिवसांत म्हैसमाळ, गौताळा, पितळखोरे, मग गोदावरी ओलांडून कपिलधार आणि येडशी असा फेरा झाला. सोबत भिंग, होकायंत्र, छत्र्या आणि एक प्रश्न: हवा आणखी तापली तर ही वेल सरकून जाणार कुठं?

खरपुडी म्हणजे कंदीलपुष्पांच्या घरातली, सेरोपेजिया बल्बोसा. रॉक्सबर्गनं १७९५ मध्ये तिला हे नाव दिलं. या प्रजातीच्या भारतात पन्नासच्या वर जाती आहेत आणि त्यातल्या बऱ्याच सह्याद्रीपुरत्या. काही तर एकदोन कड्यांपुरत्याच. लोक त्या दुर्मीळ जातींच्या मागे जातात, आणि जायलाही हवं. पण अधिवास सरकतोय का हे बघायचं असेल तर अनेक डोंगरांवर असलेली, ओळखीची जात बरी. ती एखाद्या ठिकाणी दिसेनाशी झाली तर त्या ‘नसण्या’लाही काही अर्थ असतो. एकाच कड्यावरची वेल गेली तर ती उन्हानं गेली, शेळीनं खाल्ली की कुणी उपटून नेली, हे कशावरून ठरवणार?

पहिला दिवस : म्हैसमाळ

संभाजीनगरहून दौलताबाद, खुलताबाद करत म्हैसमाळ चाळीसेक किलोमीटर. शहर समुद्रसपाटीपासून ५७० मीटरच्या आसपास आणि म्हैसमाळचा माथा १०६० च्या. म्हणजे गाडी तासाभरात जवळपास ५०० मीटर चढते. हवा दर १००० मीटरला साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. पावसाळी दमट हवेत हाच फरक पाचच्या जवळ येतो. ढोबळ हिशेबानं माथा शहरापेक्षा अडीच-तीन अंशांनी गार. हाच हिशेब उलटा केला की पोटात गोळा येतो: सरासरी तापमान तीन अंशांनी वाढलं तर म्हैसमाळच्या माथ्यावर आजच्या शहराची हवा असेल.

हिमालयात अशा वेळी झाड वर सरकतं. एक अंश वाढला तर दीडशे मीटर वर गेलं की पुन्हा जुनीच हवा. इथं ती सोय नाही. आपले डोंगर लाव्ह्याच्या थरांचे, वरून कापल्यासारखे सपाट. उतार संपला की पठार, आणि पठाराच्या वर आभाळच. शिवाय पठारावर माती बोटभर. खाली सलग कातळ. पावसात तिथं पाणी साचतं आणि ऑक्टोबरात तीच माती विटेसारखी वाळते. साचलेल्या पाण्यात खरपुडीचा कंद कुजतो, म्हणून पठाराच्या मधोमध ती शोधायला जाऊच नये.

ती सापडली कड्याच्या अलीकडे, जिथून उतार सुरू होतो त्या पट्ट्यात, हेंकळाच्या काटेरी झुडपात. हा पट्टा काही ठिकाणी पन्नास पावलांचा, तर काही ठिकाणी दहाचासुद्धा नाही. धुकं इतकं होतं की गिरिजामातेच्या देवळाची घंटा ऐकू येत होती, देऊळ दिसत नव्हतं. अशा धुक्यात पानांवरून शोध घ्यावा: जाडसर, थोडी मांसल, समोरासमोर. एका वेलीची पानं रुपयाएवढी गोल असतील आणि शेजारचीची गवतासारखी अरुंद. दोन्ही खरपुडीच, पानांच्या आकारावरून नवखा माणूस हमखास फसतो. खात्री फुलानंच होते.

फूल जेमतेम इंचभर. बुडाशी फुगीर गाडगं, त्यावर अरुंद नळी, आणि वर पाच पाकळ्या टोकाशी जुळून केलेला जांभळट-हिरवा कंदील. एक फूल कालचं होतं, आडवं कललेलं. ते भिंगाखाली धरलं. नळीच्या आत केस आहेत, सगळ्यांची टोकं खालच्या बाजूला. दोन-तीन मिलिमीटरची माशी वासानं येते, गुळगुळीत काठावरून घसरते आणि गाडग्यात पडते. केस तिला वर चढू देत नाहीत. आत ती धडपडते, तेवढ्यात परागांची जोडगोळी तिच्या सोंडेला चिकटते. मग केस सुकतात, फूल आडवं होतं आणि माशी सुटते. ती दुसऱ्या कंदिलात पडली तर शेंग धरते. हे सगळं जुळायला वेल आणि माशी एकाच आठवड्यात हजर असावी लागते. वेल कुठं तगेल हे दाखवणाऱ्या अधिवासाच्या नकाशांत वेलीचं तापमान असतं, पाऊस असतो. ही माशी मात्र कुठंच नसते.

नोंद करणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. मोबाइल दाखवतो ती उंची जशीच्या तशी उतरवू नका. काही ॲप समुद्रसपाटीपासूनची उंची देतात, तर काही उपग्रहाच्या गणिती गोलाकारापासूनची. आपल्या भागात ही दुसरी उंची खऱ्या उंचीपेक्षा ६०-७० मीटरनं कमी भरते. दीडशे मीटरला एक अंश धरला तर ही चूक जवळजवळ अर्ध्या अंशाची झाली. दोन वर्षांच्या नोंदी दोन वेगळ्या ॲपनं घेतल्या तर वेल तिथंच असताना ती सत्तर मीटर सरकल्यासारखी दिसेल! उंची नकाशावरच्या समोच्च रेषेवरून पडताळून मगच लिहावी.

परतताना रस्त्याकडेला मक्याची कणसं भाजणाऱ्या मावशींकडं टोपलीत कर्टुली होती. “धुक्यानं गिऱ्हाईक नाही, घ्या सगळी,” म्हणाल्या. घेतली. कर्टुल्याची वेलही खरपुडीसारखी जमिनीतल्या कंदातून दर पावसाळ्यात वर येते. म्हणून ‘यंदा कर्टुली कशी आली?’ हा प्रश्न गावोगाव विचारण्यासारखा आहे. खरपुडी ओळखणारे कमी, कर्टुली सगळ्यांच्या ओळखीची.

दुसरा दिवस : गौताळा

कन्नडहून गौताळा-औट्रमघाट अभयारण्य. हे १९८६ मध्ये घोषित झालं, क्षेत्र सुमारे २६० चौरस किलोमीटर, संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत पसरलेलं. नुसतं बघायला नाक्यावर नोंद आणि शुल्क पुरतं. कंद, बी किंवा फांदी काहीही उचलायचं असेल तर वनविभागाची लेखी परवानगी आधी हातात हवी. नाक्यावर विनंती करून ती मिळत नाही.

सालई, धावडा, पळस आणि मध्ये मध्ये गवताचे उतार. इथं दिवसभर उताराची दिशा तपासली. पुस्तकांत लिहिलेलं असतं की उत्तरेकडचा उतार गार. ते बरोबर आहे, पण आपल्याकडं वर्षभर नाही. गौताळ्याचा अक्षांश २० च्या थोडा वर. मेच्या तिसऱ्या आठवड्यापासून जुलैच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य इथं डोक्यावर किंवा किंचित उत्तरेकडंच असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्याच्या शेवटी उत्तर उताराला सावलीचा फायदा जवळजवळ नाही. त्याचा फायदा नोव्हेंबर ते फेब्रुवारीत, जेव्हा सूर्य दक्षिणेला झुकतो आणि पावसाची ओल जपून ठेवायची असते. मेमध्ये फरक पडतो तो पूर्व आणि पश्चिमेचा: पश्चिम उताराला दुपारी तीनचं ऊन, तेही हवा सगळ्यात तापलेली असताना. म्हणून शोधायचं झालं तर ईशान्येकडं तोंड करून असलेला उतार आधी बघावा. या दिवशीच्या बहुतेक वेली तशाच उतारांवर होत्या, आणि एक सोडून सगळ्या कुठल्या ना कुठल्या झुडपाच्या बुडातून निघालेल्या.

झुडूप तीन कामं करतं. शेळीला अडवतं, वेलीला चढायला आधार देतं आणि मेमध्ये कंदावरची जमीन सावलीत ठेवतं. एकाच उतारावर उघड्या मुरमाला हात लावला तर चटका बसतो आणि हातभर अंतरावर झुडपाखाली पालापाचोळ्यात ओल लागते. खरपुडीच्या दृष्टीनं हे दोन वेगळे प्रदेश आहेत, आणि दोन्ही नकाशाच्या एकाच चौकोनात बसतात.

दुपारी तळ्याच्या बाजूला गुरं घेऊन आलेले एक आजोबा भेटले. फुलाचा फोटो दाखवल्यावर लगेच म्हणाले, “ही तर खरपुडी. पोरं होतो तवा गुरामागं खणून खायचो, सोलून, कच्चीच.”

“आता दिसते का, बाबा?”

“दिसती ना. पर पहिल्यावानी नाही. पाऊस पडला की येल वर येतो. मंग पाऊस गायब. पंधरा दिस, तीन आठवडे. येल करपतो. पुन्हा पाऊस आला तर येतो, नाही तर गेला त्या सालाचा.”

या चार वाक्यांत त्यांनी सांगितलं ते नीट समजून घ्यायला हवं. कंद म्हणजे साठा. पहिल्या पावसात त्यातली शिल्लक खर्चून वेल वर येते. पानं दीड-दोन महिने उन्हात राहिली तर खर्च भरून निघतो आणि वर फुलांपुरतं उरतं. मध्येच मोठी उघडीप आली आणि वेल करपली तर खर्च झाला, जमा काहीच नाही. एखादं वर्ष कंद हे सोसतो. लागोपाठ दोन-तीन वर्षं तसंच झालं तर तो दरवेळी आणखी बारीक होत जातो आणि एका जूनमध्ये वर येतच नाही.

अधिवासाचे नकाशे काढणाऱ्यांनी इथं थांबून विचार करावा. पद्धत आता कुणालाही जमेल अशी आहे: सापडलेल्या ठिकाणांचे अक्षांश-रेखांश, वर्ल्डक्लिम या हवामान-माहितीसंचातले १९ हवामान-घटक आणि या दोन्हींवरून अधिवासाचं प्रारूप बांधणारा मॅक्सएंट हा संगणक-प्रोग्राम. चुका होतात त्या ठरलेल्या. नोंदी रस्त्याकडेच्या जास्त असतात, त्यामुळे प्रारूप ‘वेलीला काय आवडतं’ याऐवजी ‘माणूस कुठं पोहोचतो’ हे शिकतं; म्हणून एका चौकोनात एकच नोंद ठेवावी. जुन्या वाळवलेल्या नमुन्यांवर नुसतं ‘औरंगाबाद’ लिहिलेलं असेल तर त्याला शहराच्या मध्याचे अक्षांश-रेखांश देऊ नयेत. ती नोंद बाजूला ठेवावी. एकमेकांशी घट्ट बांधलेले घटक, उदाहरणार्थ वर्षाचा पाऊस आणि ओल्या तिमाहीचा पाऊस, दोन्ही घेऊ नयेत. आपल्याकडं ते जवळपास एकच आहेत.

पण खरी अडचण याच्या पुढची. हे १९ घटक महिन्यांच्या सरासरीतून काढलेले असतात. ओल्या तिमाहीत ५०० मिलिमीटर पाऊस पन्नास दिवसांत पडला काय आणि आठ दिवसांत पडला काय, आकडा तोच. आजोबांची उघडीप त्यात कुठंच दिसत नाही. त्यासाठी रोजचा पाऊस लागतो, आणि तो मिळतो: कृषी विभागाच्या संकेतस्थळावर महसूल मंडळनिहाय रोजचे आकडे असतात. हवामान खात्याच्या व्याख्येप्रमाणे २.५ मिलिमीटर किंवा जास्त पाऊस झाला तरच तो पावसाचा दिवस. जून ते सप्टेंबरमध्ये असा एकही दिवस नसलेली सर्वांत लांब सलग उघडीप मोजायची आणि ती विसावा घटक म्हणून घालायची. मराठवाड्यापुरतं तरी तापमानाच्या आधी हा आकडा बघावा असं आमचं स्पष्ट मत आहे.

तिसरा दिवस : पितळखोरे

पहाटेपासून पाऊस. पितळखोऱ्याच्या पायऱ्या ओल्या, शेवाळलेल्या; रबरी तळाचे बूटही घसरतात, काठी असावी. लेण्यांच्या समोरच्या घळीत कातळाच्या थरांमधल्या आडव्या भेगांत माती साठलेली दिसते. उन्हाळ्यात या भेगा दिवसातला बराच वेळ कड्याच्या सावलीत राहतात आणि वरच्या थरातून पाझर मिळत राहतो. डोंगरावर वर जायला जागा नसेल तर वेलीला ‘आत’ जायला जागा हीच. खरपुडी मात्र इथं दुर्बिणीतून एकच दिसली, तीही फुलं नसलेली, म्हणून खात्रीनं लिहिली नाही.

घाटातून खाली जायचा विचार पावसानं रद्द झाला. २०२१ च्या ऑगस्टअखेर अशाच अतिवृष्टीत कन्नड घाटात दरडी कोसळल्या होत्या. दरड कोसळते तेव्हा तिच्यासोबत उताराची माती आणि त्यातले कंदही जातात. नवा मुरूम उघडा पडतो तिथं आधी रानतुळस आणि घाणेरी पोहोचतात. मध्य भारतात १९५० ते २०१५ दरम्यान मोठ्या क्षेत्रावरच्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्याचं अभ्यासात दिसलं आहे, तेही एकूण मोसमी पाऊस कमी होत असताना. मधली उघडीप आणि नंतरची ढगफुटी अशी दोन्हीकडून ही वेल धरली जाते.

कन्नडच्या खानावळीत बाजरीची भाकरी, येसराची आमटी आणि परवाची कर्टुली परतून. तेल कमी, मिठाच्या पाण्यात न भिजवता; कडूपणा अजिबात नव्हता.

चौथा दिवस : गोदावरी ओलांडून कपिलधार

हा दिवस बराचसा रस्त्याचा, पण खिडकीतून जे दिसतं तेच महत्त्वाचं. अजिंठ्याच्या रांगा मागं पडतात आणि बालाघाट सुरू होईपर्यंत गोदावरीचं खोरं: कापूस, ऊस, तूर, सोयाबीन. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात. मुरमात वाढणाऱ्या कंदाला ही जमीन मानवत नाही. खरपुडीचं बी शेंगेतून म्हातारीसारखं रेशमी तंतूंवर उडतं. ते वाऱ्यावर शेजारच्या टेकडीपर्यंत जाईल, एवढं खोरं ओलांडून जाणं अवघड. म्हणजे म्हैसमाळची वेल आणि बालाघाटची वेल यांना आपापल्या डोंगरावरच निभवायचं आहे. मध्ये मुक्काम करण्याजोग्या जागा म्हणजे बोर-बाभळीचे रुंद बांध आणि गावांची गायरानं. बांध ट्रॅक्टरनं कोरले जातात, गायरानं कमी होतात, तसा तोही दुवा तुटतो.

बीडजवळ मांजरसुंब्याच्या अलीकडे कपिलधार. मन्मथस्वामींची समाधी, शेजारी धबधबा, दर्शनाला आलेल्यांची वर्दळ. धबधब्याजवळ नव्हे, वरच्या माळाकडं जावं. तिथं पवन्या आणि कुसळीचं गवत, तरवड, सीताफळीची रानझुडपं. बीडचं सीताफळ भौगोलिक मानांकन मिळालेलं. या दिवसांत फळं अजून हिरवी, घट्ट असतात. याच झुडपांच्या बुडाशी खरपुडी होती, पानं गवतासारखी अरुंद. एका झुडपात तीन वेली एकमेकींवर पिळलेल्या, एकीवर कंदील, दुसरीवर नुसत्या कळ्या.

शेजारच्या उतारावर सलग समतल चर खोदलेले. साधारण ६० सेंटीमीटर रुंद, ३० सेंटीमीटर खोल. मराठवाड्यात पाणी अडवायलाच हवं. २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं हे कुणी विसरलेलं नाही. पण खरपुडीचा कंद असतो नेमका याच खोलीच्या आत. यंत्र एका दिवसात जे उपसतं ते उन्हाळे वीस वर्षांत करत नाहीत. आणि वर गिरिपुष्प किंवा सुबाभूळ लावली की सावली दाट होते, गवत जातं, वेलीला लागणारं अर्धं ऊनही जातं. उपाय साधा आहे: चराची रेषा ऑगस्टमध्ये आखावी, फुलांच्या दिवसांत एकदा चालून बघावी, वेल असलेलं झुडूप आलं की तिथं चर पाच-दहा मीटर सोडून द्यावा. एवढ्यानं पाणलोटाचं काही बिघडत नाही. उन्हाळ्यात आखणी केली तर वेल जमिनीवर नसतेच, आणि चुकून नव्हे, नकळत ती जाते.

पाचवा दिवस : येडशी

रामलिंगाचं देऊळ घळीत, भोवती अभयारण्य, माकडं भरपूर. पिशवी उघडी ठेवू नये. पाऊस थांबलेला, ऊन कोवळं. २०२५ च्या सप्टेंबरात याच धाराशिव-बीड-लातूर पट्ट्यात शेतं मातीसकट वाहून गेली, त्याच्या खुणा ओढ्याकाठी अजून दिसतात.

सकाळचे चार तास फिरून खरपुडी मिळाली नाही. ‘नाही’ हीही नोंद असते, पण ती नीट लिहिली तरच: किती माणसं, किती तास, कोणता उतार, गवत किती उंच, शेजारच्या झुडपांना पालवी कशी. असं लिहिलेलं ‘नाही’ दहा वर्षांनी कुणाच्या तरी कामी येतं. नुसतं ‘आढळली नाही’ येत नाही. प्रा. वि. ना. नाईक यांची मराठवाड्याची वनस्पतिसूची १९९८ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या आधारानं जुन्या जागा पुन्हा बघायच्या तर आजच्या नोंदी त्या तोडीच्या हव्यात.

वेल सापडलीच तर काय लिहायचं: तारीख, होकायंत्रावरची उताराची दिशा अंशांत, चढ, झुडपाचं नाव, वेलीची अवस्था, फुलं आणि शेंगांची संख्या, मोबाइलनं दाखवलेली अचूकता मीटरमध्ये. मातीची खोली बघायला बारीक सळई खुपसतात. ती बुडापासून किमान हातभर लांब खुपसावी, नाहीतर कंदालाच भोक पडतं आणि पावसाळ्यात तो तिथून कुजतो. ओळख पटवायला कंद उकरू नये. नेमके अक्षांश-रेखांश समाजमाध्यमावर टाकू नयेत. आयनॅचरलिस्ट या निसर्गनोंदींच्या संकेतस्थळावर जागा ‘अस्पष्ट’ ठेवली की ती ०.२ अंशाच्या चौकोनात कुठेतरी दाखवली जाते, तेवढं पुरे. नेमकी जागा वहीत आणि वनरक्षकाकडं असावी.

निघताना वाहनतळाच्या मागच्या बांधावर, निवडुंगाच्या आडोशाला, एक वेल दिसली. फुलं होऊन गेलेली. एका देठावर शेंगांची जोडी, सुतळीएवढ्या बारीक, हिरव्या, दोन बोटं लांब. त्या पिकायला ऑक्टोबर-नोव्हेंबर उजाडेल. तोवर कोरडं राहिलं तर उकलून बी उडेल; परतीच्या पावसात भिजल्या तर तंतू चिकटून गोळा होईल आणि बी तिथंच निवडुंगाखाली पडेल. वहीत लिहिलं: ईशान्य उतार, निवडुंग, एक वेल, शेंगा दोन, कार्तिकात पुन्हा बघणे.